नमुना द्या हो, काकू

साठ-सत्तरच्या दशकात ज्यांचे संसार उभे राहिले, त्या बायकांनी घर सजवण्यावर फारसे पैसे खर्च केले नाहीत, कारण हातात पैसे उरतच नव्हते. तरीही गिरगावातली चाळ असो, पुण्याच्या पेठेतला वाडा असो की डोंबिवलीचा दोन खोल्यांचा ब्लॉक असो, खिडकीला पडदा असायचा आणि पडद्याला झालर असायची. आपण त्या घरांत वाढलो. आता ते दिवस आठवले की ‘थोडक्यात किती सुख होतं’ असं म्हणून आपण मोकळे होतो. मला ते अपुरं वाटतं. आपल्या आयांना, मावश्यांना, शेजारच्या काकूंना दृष्टी होती. कुठला रंग कशावर उठून दिसतो, कुठलं कापड कसं पडतं, खोलीत उजेड कुठून घ्यायचा, हे त्यांना कळत होतं. कळलेलं हाताने करून दाखवायची तयारीही होती. त्याचं श्रेय त्यांच्या पदरात अजून नीट पडलेलं नाही.

पडद्याचंच पाहा. तेव्हा पडदा म्हणजे अर्धा पडदा. खिडकीच्या चौकटीत दोन्हीकडे छोटे आकडे पिळून बसवायचे आणि प्लॅस्टिकचं आवरण असलेली स्प्रिंग पडद्याच्या नेफ्यातून ओवून त्या आकड्यांत ताणून अडकवायची. खालची अर्धी खिडकी झाकलेली, वरची मोकळी. जिन्यावरून किंवा गॅलरीतून जाणाऱ्याला आतलं दिसू नये आणि आत बसलेल्याला आभाळ दिसावं, असा तो बेत. कापड बहुतेक वेळा आईच्या विरलेल्या साडीचं. मधला भाग फाटलेला असला तरी काठाजवळचं कापड धड असतं, हे हेरून ती काठ बरोबर खाली येईल अशी साडी कापायची. काठाच्या वजनाने पडद्याला आपोआप झोल यायचा आणि वाऱ्याने तो फार उडायचा नाही. वर्षा-दोन वर्षांत स्प्रिंग सैल पडून पडद्याला मध्ये पोक आलं, की पकडीने तिचा बोटभर तुकडा तोडायचा आणि पुन्हा ताणून बसवायची.

दिवाळीच्या आधी भिंतींचं काम निघायचं. चुना भिजत घालायचा, त्यात नीळ टाकायची आणि रंग नको तितका निळा होत नाही ना, हे जुन्या दाराच्या मागे एक हात मारून पाहायचं. हे काम वडिलांचं किंवा मामाचं, पण ‘आता पुरे, आणखी नीळ नको’ हे सांगणारी आईच असायची. पुढे डिस्टेंपर आला आणि खोलीला पिस्ता, गुलाबी, फिकट पिवळा असे रंग मिळाले. स्वयंपाकघरात खालच्या भागाला ऑइलपेंटचा पट्टा मारायचे, म्हणजे फोडणीचे डाग फडक्याने पुसता यायचे. खाली शहाबादी फरशी, आणि नवी सोसायटी असेल तर मोझेक.

स्वयंपाकघराच्या फळ्यांवर वर्तमानपत्राचे कागद घालायचं काम मुलांकडे असायचं, आणि मला ते फार आवडायचं. कागदाची घडीवर घडी घालायची, शेवटच्या पट्टीच्या टोकाला कात्रीने अर्धगोल कातरायचा, त्याच्या वर दोन छोटी भोकं पाडायची. मग घडी उलगडायची. सगळ्या कागदाच्या कडेला एकसारखी नक्षी आलेली असायची. फळीच्या कडेवरून ती कमान-कमान खाली सोडली की वर ठेवलेले पितळी डबेसुद्धा वेगळे दिसायचे. पुढे पितळ गेलं, स्टील आलं. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण दुपारी दारात बसायची, आणि वडिलांच्या टेरिकॉटच्या पँटीवर एक पातेलं की दोन वाट्या, यावर अर्धा तास बोलणं चालायचं. एखादी पँट दोनदा उचलून पुन्हा खाली ठेवली जायची. नवीन भांड्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालून घेतलं जायचं. लग्नातल्या ताटावर तर मामाचं नाव, भाचीचं नाव आणि तारीख, सगळं असायचं. मांडणीवर डबे उंचीने उतरते लावलेले, पेले एकावर एक. बाहेरून येणाऱ्याची नजर आधी त्या मांडणीवर जायची, हे घरातल्या बाईला पक्कं ठाऊक असायचं.

या सगळ्याच्या मुळाशी कापड होतं, आणि मुंबईच्या आसपास वाढलेल्यांना ते गिरण्यांमुळे जवळचं होतं. पॉपलिन, वायल, केंब्रिक, लाँगक्लॉथ, मांजरपाट ही नावं आम्हाला पाढ्यांसारखी पाठ होती. खटावची वायल आणि फिनलेची मलमल यांतला फरक माझी मावशी डोळे मिटून, नुसतं अंगठा आणि तर्जनीत कापड धरून सांगायची. बॉम्बे डाईंगची चादर म्हणजे पाहुणे आले की काढायची वस्तू. कटपीसच्या दुकानांत जाणं हा बायकांचा आवडता उद्योग. दादरची हिंदमाता, मंगलदास मार्केट, पुण्यात लक्ष्मी रोड. ढीग उपसायचा, तुकडा उन्हात नेऊन पाहायचा, दोन बोटांनी ताणायचा, आणि ‘यात बिनबाह्यांचा फ्रॉक बसेल का’ याचा हिशेब उभ्या उभ्या मनात करायचा. दिवाळीला एकाच ताग्यातून सगळ्या भावंडांचे कपडे निघायचे. थोरल्याचा शर्ट, मधलीचा फ्रॉक, धाकट्याचा झबल्यावजा सदरा. उरलेल्यातून उशीचे अभ्रे आणि भाजीची पिशवी. फोटोत आपण सगळे एकाच छापाचे दिसतो ते यामुळे. मुलांना त्याची लाज वाटायची, हे खरं. पण आज ते फोटो पाहिले तर प्रत्येकाचा गळा, कॉलर, खिसा वेगळा आहे हे ध्यानात येतं. एकाच कापडात तिने तीन वेगळे विचार केले होते.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. त्यांच्या घरांचं काय झालं ते दुःख फार मोठं आहे आणि त्याची जागा या लेखात नाही. पण कापडाची ती ओळखही तेव्हापासून हातून सुटत गेली. भिवंडी, इचलकरंजी, मालेगावच्या यंत्रमागांचं कापड आलं, सुरतेचं सिंथेटिक आलं, आणि गिरणीचं नाव पाहून कापड घेणारी पिढी हळूहळू मागे पडली.

कापड घरात आलं की मशीनचं झाकण उघडायचं. काळी चकचकीत उषा, सोनेरी वेलबुट्टी, कुणाकडे हातमशीन तर कुणाकडे पायमशीन. ती हप्त्यावर घेतलेली असायची आणि फिटेस्तोवर तिनेच शेजारपाजारचे ब्लाउज शिवून अर्धे हप्ते फेडलेले असायचे. शिवणक्लासला जाऊन आलेल्या बाईकडे झारापकरांच्या पद्धतीचं कटिंग असायचं. जाड वहीत खाकी कागदाचे लहान नमुने चिकटवलेले, बाजूला शाईने लिहिलेलं: छातीचा चौथा भाग, मुंढा इतका, गळ्याची खोली इतकी, टक्स इथे. ते गणित होतं. शाळेत सातवी-आठवीपर्यंत शिकलेली बाई कापडावर खडूने मुंढ्याची गोलाई एका हातात काढायची आणि तिचा मुंढा कधी काचायचा नाही.

आता, फॅशन येत कुठून होती? दुकानात तयार कपडे लटकत नव्हते. फॅशन आधी सिनेमातून यायची. ‘लव्ह इन सिमला’नंतर साधना कट आला, ‘वक्त’मधून तंग चुडीदार आला, ‘ब्रह्मचारी’नंतर मुमताजची घट्ट गुंडाळलेली साडी आली, आणि १९७३ च्या ‘बॉबी’ने गावोगाव ठिपक्यांचं कापड खपवलं. गोष्ट पाहायला गेलेली मावशी येताना ब्लाउजचा गळा डोळ्यांत घेऊन यायची. रात्री तो खाकी कागदावर उतरायचा. पण तो जसाच्या तसा कधी शिवला जात नसे, आणि मला यातच तिचं कसब दिसतं. पडद्यावरचा गळा दोन बोटं वर यायचा, पाठ झाकली जायची, बाहीला थोडी लांबी मिळायची. सासूबाई काय म्हणतील, ऑफिसात चालेल का, लोकलच्या गर्दीत वर हात धरून उभं राहता येईल का, हे सगळं त्या कात्रीत असायचं.

दुसरी वाट मासिकांची. किर्लोस्करांचं ‘स्त्री’ १९३० पासून निघत होतं आणि आमच्या आज्यांनी तेच हातात धरलं होतं. त्याने विचार दिला. डोळ्यांना रंग दिले ते दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांनी. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या दोघांनी रंगवलेल्या स्त्रिया आठवतात? मुळगावकरांच्या चित्रातली ती तुकतुकीत कांती आणि दागिन्यांची झळाळी, दलालांच्या रेषेतला तो ठसका. अंक वाचून झाला की मुखपृष्ठ हलक्या हाताने सुटं करून काचेच्या फ्रेममध्ये जायचं. किती तरी घरांत बाहेरच्या खोलीतलं एकमेव चित्र तेच होतं. त्यातला अंबाडा, त्यावर तिरका माळलेला गजरा, काठाला जुळवून घेतलेली बाही, हे बायका निरखून पाहायच्या. चित्रकलेचं प्रदर्शन ज्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नाही, त्यांच्या घरात दोन मोठ्या चित्रकारांचं काम असं भिंतीवर होतं. ही आपल्या मराठी घरांची मोठी कमाई आहे असं मी मानते.

मग २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. चाळीत किंवा सोसायटीत एकाकडे सेट, त्याच्या घरी तीस माणसं. भक्ती बर्वे, स्मिता पाटील बातम्या द्यायच्या आणि बायका बातमीइतकीच साडी ऐकायच्या म्हटलं तरी चालेल, कारण काळ्या-पांढऱ्या पडद्यावर रंग दिसत नसे आणि ‘ती बहुतेक लिंबू रंगाची असणार, काठ मात्र गडद’ असा अंदाज मोठ्याने चालायचा. स्मिता पाटील घाईच्या दिवशी जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसत, ही गोष्ट नंतर सगळीकडे झाली. साधी सुती साडी आणि ठळक कुंकू एवढ्यावर बाई रुबाबदार दिसते, हे तिने दाखवलं. नायलॉन आणि जॉर्जेटच्या त्या दिवसांत कितीतरी जणी पुन्हा हातमागाकडे वळल्या, त्यात तिचाही वाटा होता असं मला वाटतं. ‘सुंदर माझं घर’ हा कार्यक्रम तर नावापासूनच बायकांचा. तो लागला की वही-पेन्सिल घेऊन बसणाऱ्या काकू मी पाहिल्या आहेत.

पण खरा प्रसार व्हायचा तो माणसाकडून माणसाकडे. चैत्रगौरीचं हळदीकुंकू म्हणजे त्या काळातलं गृहसजावटीचं प्रदर्शनच. पायऱ्यापायऱ्यांची आरास, वर गौर, मागे जरीची साडी चुण्या घालून लावलेली, कलिंगडाचं कापून केलेलं कमळ, डब्यांच्या झाकणांवर बसवलेल्या बाहुल्या. कैरीची डाळ आणि पन्हं घेताना नजर फिरत राहायची. उशीच्या अभ्र्यावर थांबायची. ‘हा टाका कुठला हो, काकू? नमुना द्या ना.’ आणि काकूंचं उत्तर ठरलेलं: ‘ये उद्या दुपारी, सुई-दोरा घेऊनच ये.’ नमुना नाकारणारी बाई क्वचितच. नमुना देणं हा शेजारधर्म होता. चेंबूरच्या घरातला एक रुमाल साताऱ्याला जायचा, तिथून नणंदेबरोबर इंदूरला, आणि वाटेत प्रत्येकीच्या हातून त्यात एखादं पान वाढायचं.

हा नमुना उतरवून घेण्याची रीत आता फारशी कुणाला माहीत नाही म्हणून सांगते. बटर पेपरवर चित्र गिरवायचं. मग तो कागद जाड घडीच्या चादरीवर ठेवून रेषेवरून टाचणीने टोचत जायचं, अगदी जवळजवळ. फूल असेल तर पाकळीच्या प्रत्येक वळणावर भोकं. झाला खाका. मग तो कापडावर पसरून चार कोपऱ्यांना वजनं ठेवायची. वाटीत थोडं रॉकेल, त्यात नीळ, त्यात कापसाचा बोळा बुडवून घट्ट पिळायचा आणि खाक्यावरून हलक्या हाताने फिरवायचा. बोळा ओला राहिला तर कापडावर डाग पसरायचा. कागद उचलला की खाली निळ्या ठिपक्यांचं फूल उमटलेलं असायचं. रॉकेल उडून जायचं, नीळ पहिल्या धुण्यात जायची. एक खाका दहा घरं फिरायचा आणि भोकं मोठी होईस्तोवर वापरला जायचा. मग लाकडी रिंग, अँकरच्या दोऱ्याच्या लड्या, सहापदरी दोऱ्यातले दोन पदर वेगळे काढणं. साखळी टाका, गाठीचा टाका, काश्मिरी टाका. मॅटीच्या कापडावर फुलीचा टाका, ज्यात प्रत्येक फुलीचा वरचा पदर एकाच दिशेला पडला पाहिजे, नाहीतर पोपट विस्कटलेला दिसतो. आमच्या टीव्हीवरचं आवरण असंच मॅटीचं होतं, दोन पोपट आणि मध्ये पेरूची फांदी. त्याची मागची बाजू उलटून पाहिली तर तिथेही गाठ दिसायची नाही. मागची बाजू पाहूनच काम ओळखायचं, असं त्या बायका म्हणायच्या.

यातल्या कितीतरी जणी नोकरी करत होत्या. कल्याणहून सुटणाऱ्या लोकलच्या लेडीज डब्यात सकाळी सुया चालायच्या: दोन सुलट, दोन उलट. ठाणे येईपर्यंत चार ओळी, भायखळ्यापर्यंत बाही. समोरच्या अनोळखी बाईने स्वेटरकडे पाहिलं की ती विचारायची आणि ही तिकिटाच्या मागे ओळी लिहून द्यायची. संध्याकाळी त्याच डब्यात मटारच्या शेंगा सोलल्या जायच्या. रात्री जेवणं आटोपून, भांडी घासून, मुलं झोपल्यावर चाळीस वॅटच्या दिव्याखाली बाकीचं. आज त्यांतल्या अनेकींची नजर अधू आहे, बोटांचे सांधे धरले आहेत. आपल्या घराच्या देखणेपणाची किंमत कुणी दिली, हे विसरून चालणार नाही.

सगळंच काही सुंदर होतं असं मी म्हणणार नाही. शोकेसमध्ये सेलोफेनच्या पुड्यातून कधीच बाहेर न आलेल्या बाहुल्या, आत दिवा लागणारा प्लॅस्टिकचा ताजमहाल, सोफ्यावर घातलेलं आणि उन्हाळ्यात मांड्यांना चिकटणारं प्लॅस्टिक, हे मला तेव्हाही आवडत नव्हतं. रुखवतात थर्माकोलचे बंगले आले तेव्हा तर वाईट वाटलं, कारण त्याच टेबलावर पूर्वी कोरलेल्या सुपाऱ्या आणि वर्षभर खपून भरलेली चादर असायची. पण डालड्याच्या डब्याला ऑइलपेंट मारून त्यात लावलेली सदाफुली मला आजही कुठल्याही महागड्या कुंडीपेक्षा बरी वाटते. आणि गोधडी! आजीच्या नऊवारीचे थर, मध्ये मुलांचे आखूड झालेले कपडे, कडेने बाहेरून आत चौकोनात फिरत येणारा धाव दोरा. सांगली-कोल्हापूरकडे तिला वाकळ म्हणतात. कुठला रंग कुठल्या शेजारी बसवायचा हे आजी ठिगळं जमिनीवर मांडून, उठून, दोन पावलं मागे जाऊन ठरवायची.

नव्वदनंतर तयार कपडे स्वस्त झाले, खिडक्या सरकत्या झाल्या, टीव्ही चपटा झाला आणि त्याच्यावर आवरण घालायला जागाच राहिली नाही. मुलींनी सुई सोडली याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांना दुसरी कामं करायची होती, आणि त्यासाठी त्यांच्या आयांनीच त्यांना मोकळं केलं. तक्रार वेगळी आहे. स्टीलच्या पेल्यावर देणाऱ्या मामाचं नाव आहे, तारीख आहे. ज्या चादरीवर एका बाईने आठ महिने रात्री घालवल्या, तिच्यावर काहीही नाही. म्हणून आज माळ्यावरच्या ट्रंकेतून एखादा क्रोशाचा रुमाल निघतो तेव्हा घरात कुणालाच सांगता येत नाही, तो आत्याचा की थोरल्या काकूंचा.

तुमच्या घरीही ही ट्रंक असेल. ती या सुट्टीत खाली काढा. आई, मावशी, आत्या ज्या कुणी आहेत त्यांना समोर बसवा आणि एकेक वस्तू हातात द्या. टाका कुठला, नमुना कुणाकडून आला, साल कुठलं, तेव्हा त्या कुठे राहत होत्या, हे विचारा आणि लिहून घ्या. मग मांजरपाटाचा दोन बोटांचा तुकडा घ्या, त्यावर तिचं नाव आणि साल साध्या उलट्या टिपेने घाला, आणि वस्तूच्या मागच्या बाजूला शिवा. टाका येत नसेल तर तिलाच विचारा, ती शिकवेल.